दोन माळवदं: खणाचं आणि भिंतीवरचं

लातूर-धाराशिवकडं जुन्या घराचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: माळवदानं, म्हणजे लाकडावर माती पसरलेल्या सपाट छतानं, माणसं मारली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर भागात भूकंपात सुमारे १०,००० माणसं गेली, त्यामुळं ते वाक्य खोडायला कुणी धजत नाही. पण गल्लीतून एकसारखी दिसणारी दोन घरं आतून पार वेगळी असतात. ती वेगळी ओळखता येत नाहीत म्हणून आजही गावोगाव चांगलं घर पाडून त्याच जागी धोक्याचं घर उभं राहतंय. ते बघवत नाही.

भिंतीवर टेकलेलं माळवद तुम्हाला ठाऊक आहे. चारी बाजूंनी दगड-मातीची भिंत, भिंतीवर तुळया, वर कडीपाट (लाकडी कड्या आणि फळ्या) आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. भिंत बसली की छत खाली.

खण म्हणजे खांबांमधला गाळा. खणाच्या माळवदात छताचा भार भिंतीवर नसतोच. दगडी तळखड्यावर लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट असा सांगाडा आधी उभा राहतो. भिंत नुसता आडोसा, कॉलम-बीमच्या बिल्डिंगमधल्या विटांच्या भिंतीसारखा. १९९३ नंतर पडझडीची पाहणी झाली तेव्हा अशी घरंही दिसली, की दगडी भिंती ढासळलेल्या आणि लाकडी सांगाडा छतासकट उभा. भिंतीचे दगड अंगावर येऊन माणूस दगावू शकतो हे खरंच आहे, पण अख्खं छत खाली येणं वेगळं.

आता जिथं सगळे चुकतात ती गोष्ट. घरात शिरल्यावर मधे दोन-चार खांब दिसतात आणि लोक म्हणतात, हे बघा, खणाचं घर. शिकलेले इंजिनिअरसुद्धा असंच ठरवून मोकळे होतात. मधले खांब दोन्ही प्रकारांत असतात! रुंद खोलीला एका लाकडाची लांबी पुरत नाही, मग मधे टेकू द्यावाच लागतो. मधले खांब बघून काहीच कळत नाही. बघायचं ते कडेला. तुळईचं बाहेरचं टोक कशावर टेकलंय? भिंतीला लागून, किंवा भिंतीच्या जाडीत अर्धा बुजलेला, खांब आहे का? असेल तर खणाचं. तुळई सरळ भिंतीत घुसली असेल तर मधे कितीही कोरीव खांब असोत, ते भिंतीवरचंच घर. गिलाव्यामुळं दिसत नसेल तर भिंतीच्या पायथ्याशी तळखडा शोधा, किंवा तुळईच्या टोकाखालचा थोडा गिलावा काढा. अर्ध्या तासाचं काम आहे.

दाराची नक्षी, कोनाडे, देवळ्या, छतातलं साणं (उजेडासाठीचं भोक) यांवरून काही ठरवू नका. ते दोन्हीकडं सारखंच असतं. मला त्या नक्षीचं प्रेम आहे, पण नुसत्या चौकटीचे फोटो काढून परत जाणाऱ्यांनी एकदा मान वर करून तुळईचं टोक बघावं. सुताराची खरी अक्कल तिथं दिसते.

भिंत का बसते, हेही नीट समजून घ्यायला हवं. दोन-अडीच फुटी, कुठं त्याहूनही जाड भिंत बघून लोकांना धीर येतो. प्रत्यक्षात ती एक भिंत नसते. बाहेरचा एक थर, आतला एक थर आणि मधे चिपा-माती भरलेली. दोन्ही थर बांधून ठेवणारे आरपार दगड नसले की हादऱ्यानं थर सुटतात, भिंत पोट काढते आणि मग ढासळते. म्हणूनच अशा बांधकामासाठीच्या भारतीय मानक १३८२८ मध्ये दगडी भिंतीची जाडी ४५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको असं म्हटलंय, आणि आरपार दगड उंचीत दर ६०० मिलिमीटरवर, आडव्या अंगानं जास्तीत जास्त १.२ मीटरवर सांगितलेत. जाडी म्हणजे मजबुती, हा समज सोडा.

वरच्या मातीचंही तेच. गळू नये म्हणून दर पावसाळ्याआधी नवी पांढरी माती पडते, जुनी कुणी काढत नाही. थर अर्धा मीटर झाला तर चौरस मीटरला पाऊण टनाहून जास्त वजन होतं. हा दोष मात्र दोन्ही माळवदांचा आहे.

सगळ्यात जास्त संताप येतो तो पुढच्या प्रकाराचा. खणाचं घर असतं, मुलाच्या लग्नाआधी मोठा हॉल हवा म्हणून खांब उपसतात, लाकूड विकतात आणि त्याच जुन्या दगड-मातीच्या भिंतींवर स्लॅब टाकतात. घर पक्कं झालं म्हणून पेढे वाटतात. ज्या भिंतीनं आजवर कधी छत पेललं नव्हतं, तिच्यावर आता अख्खा स्लॅब. शिवाय मे महिन्यात त्याच्याखाली दुपारी बसवत नाही.

त्यापेक्षा खण राखा. जुनी माती उतरवून पातळ थर ठेवा. खांब आणि तुळईच्या जोडात तिरके लाकडी किंवा लोखंडी आधार ठोका, कारण या सांगाड्याची खरी उणीव तिथंच आहे. आडव्या हादऱ्यानं तो एका अंगाला कलू शकतो. भिंतीत जागोजागी आरपार भोकं पाडून सळई घालून काँक्रीट भरता येतं, म्हणजे दोन्ही थर एकमेकांना धरतात. आणि भिंतीत बुजलेल्या खांबांकडं आधी बघा, तिथं ओल आणि वाळवी कुणाला दिसत नाही. बुंध्याजवळची भिंत थोडी उकला, लाकडात खिळा टोचा. सहज आत गेला तर माळवदाला टेकू देऊन तेवढा खांब बदला.