टेस्ट लेव्हलचा नाही

'टेस्ट लेव्हलचा नाही' हा मुंबईच्या मैदानांवर सर्रास ऐकू येणारा शेरा. ज्याला टेस्ट कॅप मिळाली, म्हणजे देशाकडून टेस्ट मॅच खेळायला मिळाली, पण ज्याचा खेळ तिथे पुरला नाही, अशा क्रिकेटरबद्दल तो मारतात. शिवाजी पार्क, आझाद मैदान, क्रॉस मैदान, कुठेही झाडाखाली मॅच बघत बसलेल्या जुन्या मंडळींजवळ दहा मिनिटं उभं राहिलं तरी दोन-चार नावं निघतात. 'वशिल्याने घुसला', 'कोट्यातला', 'नुसती कॅप मिळाली' हेही त्याच अर्थाने म्हणतात, पण या गोष्टी एक नाहीत. ओळखीवर आलेला माणूस आणि रणजी ट्रॉफीत (राज्यांच्या टीमच्या देशी स्पर्धेत) रन काढून काढून आलेला पण इंग्लंडमध्ये बॉल हलायला लागल्यावर उडालेला माणूस, यांना एकाच तागडीत घालणं अन्याय आहे.

राजेरजवाडे

भारतात या प्रकाराची सुरुवात टेस्ट क्रिकेटबरोबरच झाली, कारण तेव्हा टूरचा कॅप्टन कोण हे खेळावरून नाही तर गादीवरून ठरायचं. १९३२ च्या इंग्लंड टूरचे कॅप्टन पोरबंदरचे महाराज होते, अख्ख्या टूरवर फर्स्ट क्लास (वरच्या दर्जाच्या, अनेक दिवसांच्या) मॅचेसमध्ये त्यांच्या नावावर २ रन लागले. पण त्यांना आपली कुवत माहीत होती, लॉर्ड्सच्या पहिल्या टेस्टला ते स्वतः बाजूला झाले आणि सी. के. नायडूंनी टीम मैदानात नेली. हे मोठेपण नेहमी सांगायला हवं असं मला वाटतं, कारण चारच वर्षांनी नेमकं उलटं झालं. १९३६ ला विजयनगरमचे महाराजकुमार म्हणजे विझी कॅप्टन झाले आणि तिन्ही टेस्ट खेळले, एकूण रन ३३, अ‍ॅव्हरेज ८.२५. त्याच टूरवर लाला अमरनाथला बेशिस्तीचा आरोप ठेवून पहिल्या टेस्टच्या आधीच घरी पाठवलं, आणि बाका जिलानीला ओव्हलवर जी एकमेव टेस्ट मिळाली ती नाश्त्याच्या टेबलावर विझींना नको असलेल्या नायडूंचा अपमान केल्याबद्दलचं बक्षीस होती असं आजही सांगितलं जातं. तरी त्याच सीरिजमध्ये ओल्ड ट्रॅफर्डला आपला विजय मर्चंट आणि मुश्ताक अली यांनी २०३ ची ओपनिंग दिली, म्हणजे टीममध्ये माल होता, वरचा माणूस चुकीचा होता. या सगळ्या प्रकरणाची चौकशी मुंबई हायकोर्टाचे तेव्हाचे चीफ जस्टिस सर जॉन बोमंट यांच्या कमिटीने केली आणि विझींच्या कॅप्टनशिपवर ताशेरे ओढले, अमरनाथला निर्दोष ठरवलं.

बोर्ड, झोन आणि ओळख

राजे गेले, पण टीम निवडताना खेळाबाहेरच्या गोष्टी बघणं काही थांबलं नाही. १९५८-५९ ला वेस्ट इंडीजची टीम आली तेव्हा ५ टेस्टमध्ये आपले ४ कॅप्टन झाले. मद्रास टेस्टच्या आदल्या रात्री टीममध्ये कोणाला घ्यायचं यावरून मुंबईच्या पॉली उमरीगरने कॅप्टनशिप सोडली आणि विनू मांकडला टीम सांभाळावी लागली. त्याच टेस्टमध्ये अपूर्व सेनगुप्ताला पहिल्यांदा खेळवलं, दोन इनिंगमध्ये मिळून ९ रन झाले आणि पुन्हा कधी बोलावलं नाही. आता यात त्या पोराचा काय दोष, वर भांडणं चाललेली, समोर हॉल आणि गिलख्रिस्ट या फास्ट बॉलरचा मारा, आणि एका मॅचमध्ये आयुष्याचा निकाल.

त्यानंतर झोनचा प्रश्न. देशाच्या पाच झोनमधून (भागांमधून) पाच सिलेक्टर अशी पद्धत खूप वर्षं चालली, त्यामुळे प्रत्येकजण आपल्या भागाचा एखादा पोरगा पुढे करणार हे ओघाने आलंच. मुंबईने १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग १५ वेळा रणजी जिंकली, त्यामुळे इथल्या लोकांच्या मनात हे फार खोल बसलंय की आमची तिसऱ्या नंबरची पोरंसुद्धा बाहेरच्या टेस्ट प्लेअरपेक्षा बरी होती. बाहेरचे मात्र त्याच काळाबद्दल 'मुंबई लॉबी' म्हणून बोट दाखवतात, आणि ते पूर्ण खोटं आहे असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

हे फक्त आपल्याकडेच झालं असं नाही. इंग्लंडने १९८८ ला ख्रिस काउड्रीला एका टेस्टसाठी कॅप्टन केलं तेव्हा निवड समितीचा प्रमुख पीटर मे त्याचा बाप्तिस्म्याच्या वेळचा गॉडफादर होता, आणि पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या एका अ‍ॅशेस सीरिजमध्ये त्यांनी २९ खेळाडू वापरले.

जुगार

कधीकधी सिलेक्टर जाणूनबुजून कच्चा माणूस घेतो. १९६९ ला विजय मर्चंट निवड समितीचे चेअरमन होते आणि त्यांनी तरुण पोरांना संधी द्यायचं धोरण राबवलं, त्यात मुंबईच्या अजित पैला न्यूझीलंडविरुद्ध एक टेस्ट मिळाली आणि तेवढीच. पण त्याच सीझनमध्ये हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा एकनाथ सोलकर आला ज्याने पुढे २७ टेस्टमध्ये ५३ कॅच घेतले, आणि कानपूरला ऑस्ट्रेलियाविरुद्ध गुंडप्पा विश्वनाथ आला, पहिल्या इनिंगला शून्य आणि दुसऱ्या इनिंगला १३७. त्या शून्यानंतर कोणी शेरा मारून मोकळं झालं असतं तर?

मुंबईत हिरो, टेस्टमध्ये नाही

यातली नावं घेताना इथल्या माणसाला खरा त्रास होतो. चिपळूणजवळच्या कालुस्त्याचा गुलाम परकार १९८१-८२ ला बंगालविरुद्ध सुनील गावसकरबरोबर ओपनिंगला ४२१ ची पार्टनरशिप करून गेला, गावसकरचे ३४० त्याच इनिंगचे, आणि त्याच वर्षी लॉर्ड्सला परकारचे ६ आणि १ झाले आणि टेस्ट करिअर संपलं. साईराज बहुतुलेच्या फर्स्ट क्लासमध्ये ६३० विकेट आहेत, टेस्ट २ आणि विकेट ३.

आणि डोंबिवलीचा निलेश कुलकर्णी. १९९७ ला कोलंबोत टेस्टमधल्या पहिल्याच बॉलवर त्याने मर्वन अटापट्टूला काढलं, असं करणारा तो पहिला भारतीय. त्यानंतर जयसूर्या आणि महानामा यांनी ५७६ ची पार्टनरशिप केली, श्रीलंका ६ बाद ९५२, निलेशची ७० ओव्हर, १९५ रन, विकेट तीच एक. त्या पिचवर बेदी-प्रसन्नासारख्या महान स्पिनरना तरी काय मिळालं असतं? त्याच्या ३ टेस्ट झाल्या, विकेट २. अशा पाट्यावर, म्हणजे बॉलरला काहीच न देणाऱ्या पिचवर, कोणाची लायकी मोजायची नसते, पण मोजली गेली.

म्हणून नुसत्या टेस्टच्या आकड्यावरून कोणाला या यादीत टाकू नये. बॉम्बे जिमखान्यावर १९३३ ला भारतातली पहिली टेस्ट झाली त्यात रुस्तमजी जमशेटजी हा डावखुरा स्पिनर वयाच्या ४१ व्या वर्षी पहिल्यांदा खेळला, १३७ रनमध्ये ३ विकेट घेतल्या आणि परत खेळला नाही. तो कमी पडला नव्हता, त्याचं वय निघून गेलं होतं.

ज्यांची जागा गेली

चुकीच्या माणसाला कॅप दिली की ती कोणाची तरी जाते, म्हणून मुंबईत हा विषय निघाला की पद्माकर शिवलकरचं नाव येतंच. पॅडी शिवलकर, डावखुरा स्पिन, फर्स्ट क्लासमध्ये ५८९ विकेट, १९७२-७३ च्या रणजी फायनलला तामिळनाडूविरुद्ध त्यांच्याच घरी जाऊन १६ रनमध्ये ८ आणि १८ रनमध्ये ५ विकेट. एकही टेस्ट नाही. त्याच्या वेळी बिशनसिंग बेदी होता आणि बेदी महानच होता, हे मान्य, पण बॉल वळणाऱ्या पिचवर दोघांना एकत्र खेळवायला कोणी कधी धजलं नाही. हरियाणाच्या राजिंदर गोयलचंही तेच, रणजीत ६३७ विकेट. अमोल मुझुमदार रणजी पदार्पणात २६० करून आला, ११,१६७ फर्स्ट क्लास रन केले, पण मधल्या फळीत तेंडुलकर, द्रविड, गांगुली, लक्ष्मण, जागा कुठे होती.

कॅपनंतर

मुंबईत दोन-तीन टेस्ट खेळलेला माणूसही आयुष्यभर 'टेस्ट प्लेअर' म्हणूनच ओळखला जातो, आणि यातले कितीतरी जण पुढे मैदानावरच राहिले. सुधीर नाईकचं उदाहरण सगळ्यात बोलकं. १९७० -७१ ला मुंबईचे स्टार टेस्ट टीमबरोबर वेस्ट इंडीजला गेलेले असताना त्याने उरलेल्या पोरांना घेऊन रणजी जिंकली. १९७४ ला एजबॅस्टनला पहिल्या टेस्टमध्ये ७७ केले, तरी एकूण ३ टेस्टच मिळाल्या. नंतर तो वानखेडेचा क्युरेटर (पिच तयार करणारा) झाला, २०११ वर्ल्ड कपच्या फायनलचं पिच त्याच्या हाताखाली तयार झालं. त्याआधी श्रीरामपूरहून आलेल्या एका डावखुऱ्या फास्ट बॉलरला त्याने आपल्या नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये घेतलं होतं. तो झहीर खान, टेस्टमध्ये ३११ विकेट.