ऑल-माउंटन स्की घेताय? आधी बर्फ कसला ते बघा

स्की घ्यायची म्हटलं की आपली पोरं आधी ब्रँड विचारतात, मग किंमत, मग कलर. कसल्या बर्फावर चालवणार हे कोणी विचारतच नाही, आणि सगळं तर तिथूनच सुरू होतं. खान्देशातल्या माणसाला हे पटवून द्यायला वेळ लागत नाही कारण काळी जमीन आपण सगळ्यांनी पाहिलीय, तीच जमीन मे महिन्यात भेगाळून दगडासारखी टणक, जुलैत गाडी रुतेल इतकी चिकट, आणि वापसा आला की भुसभुशीत. बर्फाचंही तेच आहे. नुकताच पडलेला कोरडा बर्फ, ज्याला पावडर म्हणतात, तो एका घनमीटरला ५० ते १०० किलोच भरतो, बाकी नुसती हवा. तोच मशीन फिरवून दाबला की ४००-५०० किलोवर जातो. आणि दिवसा वितळून रात्री परत गोठलेला, त्यावर तर नखसुद्धा उमटत नाही. आता या सगळ्यावर एकच जोडी चालवायची, ऑल-माउंटन म्हणतात ती हीच, म्हणजे तडजोड आलीच, फक्त ती कुठे करायची हे आपण ठरवायचं, दुकानदाराने नाही.

साधा हिशोब करून बघू. कपडे, बूट, हेल्मेट सगळं धरून ८० किलोचा माणूस. नुसत्या बुटांवर उभा राहिला तर दोन्ही तळव्यांचं मिळून साधारण ५०० चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळ, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर १६० ग्रॅम भार, पावडरमध्ये मांडीपर्यंत आत. पायाला स्की लावल्या की क्षेत्रफळ होतं ३,५०० च्या आसपास आणि भार उरतो २३ ग्रॅम. म्हणून माणूस वर राहतो. मग वाटतं की जितकी रुंद तितकी चांगली, नाही का?

माझा चाळीसगावचा भाचा गुलमर्गला स्कीचा कोर्स करून आला तेव्हा हेच म्हणत होता, "मामा, मी ११० एमएम रुंदीचीच घेतो, पावडरमध्ये लई मजा येते." त्याला म्हटलं, बाबा, दिवसभरातली तुझी किती वळणं पावडरमध्ये झाली आणि किती दाबलेल्या स्लोपवर? त्यावर तो गप्प.

कारण असं आहे की कडक बर्फावर स्कीचा तळ फारसं काही करत नाही, सगळं काम बाजूची स्टीलची कड करते. स्की आडवी कलली की पूर्ण वजन त्या बारीक कडेवर येतं आणि बर्फ तिथूनच उलटा रेटा देतो. आता स्कीची मधली रुंदी, म्हणजे बुटाखालची, ७२ एमएम असेल तर ही कड पायाच्या मध्यापासून ३६ एमएम लांब, आणि ११० असेल तर ५५ एमएम. तरफ दीडपट लांब झाली ना! बर्फाचा तो रेटा स्कीला परत सपाट पाडायला बघतो आणि त्याला अडवून धरतात तुमचा घोटा आणि गुडघा. शिवाय एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जायलाही रुंद स्कीला वेळ जास्त लागतो. दुपारपर्यंत चालून जातं, नंतर पाय थकले की गुडघे बोलायला लागतात, आणि बहुतेक जण त्याचा दोष स्वतःच्या तब्येतीला देतात, स्कीच्या रुंदीकडे कोणाचं लक्षच जात नाही.

वळणाचं गणितही सोपं आहे. स्की पुढे-मागे रुंद आणि मध्ये बारीक असते, जमिनीवर ठेवून वरून बघितलं की दोन्ही बाजूंना कमान दिसते. समजा पुढे १३०, मध्ये ९५, मागे ११५ एमएम आणि कामाची लांबी दीड मीटर. त्या कमानीची खोली येते जवळपास १४ एमएम आणि त्यावरून वळणाची त्रिज्या निघते साधारण २० मीटर. हे सपाट धरून झालं, स्की ६० अंश कलवली की प्रत्यक्ष वळण निम्म्यावर, म्हणजे १० मीटरवर येतं. १९९३ मध्ये एलान कंपनीची एससीएक्स नावाची खोल कमानीची स्की आली, त्याआधी लोक दोन-दोन मीटर लांब आणि जवळपास सरळ फळ्यांवर वळायला शिकायचे, वर्षं जायची त्यात. आज ऑल-माउंटनसाठी १५ ते १९ मीटरची त्रिज्या घ्या, त्यात लहान मोठं दोन्ही वळण निघतं.

दुकानात गेलात तर एक गोष्ट नक्की करा. दोन्ही स्की तळाला तळ लावून उभ्या धरा आणि बाजूने बघा. मधोमध फट दिसली तर ती कॅम्बर, म्हणजे स्की मध्ये उचललेली आहे, तुमचं वजन पडलं की ती दबते आणि टोकं बर्फावर घट्ट रोवली जातात, कडक बर्फावर पकड येते ती याच्यामुळे. आता हाताने ती फट दाबून बंद करा आणि पुढच्या टोकाकडे बघा, दोन्ही स्की एकमेकींपासून कुठे सुटतात? अगदी टोकाला न सुटता एक वीतभर आधीच फाकल्या असतील तर तो रॉकर. हे उचललेलं तोंड मऊ बर्फात खाली न घुसता वर चढतं. शेन मॅककॉन्की नावाच्या स्कीअरने पाण्यावरच्या स्कीज बघून हा विचार पुढे नेला आणि २००२ मध्ये व्होलंट कंपनीने त्याची स्पॅच्युला बाजारात आणली, पूर्ण उलट्या बाकाची, पावडरमध्ये राजा आणि कडक बर्फावर बेकार. ऑल-माउंटनला दोन्ही लागतं, पायाखाली कॅम्बर आणि पुढे थोडा रॉकर. मात्र रॉकर असला की कडक स्लोपवर तेवढी लांबी बर्फाला टेकतच नाही, म्हणून अशी स्की थोडी लांब घ्यावी, नवशिक्याला हनुवटी ते नाक, सराव असलेल्याला कपाळापर्यंत.

पीळही बघा. टोक हातात धरून पिळलं आणि सहज पिळलं गेलं तर बर्फ कडक असताना पुढची कड निसटणार. म्हणून चांगल्या स्कीत टायटॅनलचे पातळ थर घालतात. नावावरून बरेच जण टायटॅनियम समजतात, पण तो ॲल्युमिनियमचा मिश्रधातू आहे. त्याने वजन वाढतं, पण दुपारी स्लोप तुडवून ढेकळं झाली की हे वजनच कामी येतं, हलकी स्की तिथे थरथरते आणि बाजूला फेकली जाते. वजनाला घाबरून फार हलकी घेऊ नका असं माझं स्पष्ट मत, चढून जायचं असेल तर गोष्ट वेगळी.

आता स्की घसरते कशी? पूर्वी समज होता की दाबाने बर्फ वितळतो. पण बर्फाचा वितळणबिंदू १ अंशाने खाली आणायला हवेच्या दाबाच्या १३० पट दाब लागतो, आणि आपला हिशोब तर २३ ग्रॅमचा! १९३९ मध्ये बाउडन आणि ह्यूज या शास्त्रज्ञांनी स्वित्झर्लंडच्या युंगफ्राउयोखला प्रयोग करून दाखवलं की घर्षणाच्या उष्णतेने पाण्याचा अतिशय पातळ थर तयार होतो आणि स्की त्याच्यावर सरकते. त्यामुळे खूप थंडीत, उणे २० वगैरेला, थर नीट बनत नाही आणि स्की अडखळते, आणि शून्याजवळ पाणी इतकं होतं की तळ चिकटून ओढला जातो. स्कीच्या तळाला लावायचं मेण थंडीप्रमाणे बदलायचं ते यासाठीच, थंडीत कडक आणि ओल्या बर्फात मऊ. फ्लोरिनवालं मेण फार पळायचं पण पर्यावरणाला वाईट, २०२३-२४ च्या सीझनपासून आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने स्पर्धेत त्यावर बंदी घातली.

मग आपण घ्यायची कोणती? उत्तराखंडातल्या औलीला जाणार असाल, जिथे २,५०० ते ३,०५० मीटरवर दाबलेला स्लोप असतो, तर ८० ते ८८ एमएम पुरे. गुलमर्गला गोंडोला, म्हणजे रोपवे, ३,९०० मीटरच्या वर अफरवत डोंगरापर्यंत नेतो आणि तिथे खरी पावडर आहे, तर ९० ते ९८. दोन्हीकडे जायचंय आणि एकच जोडी परवडते तर ९० च्या आसपास थांबा. ११० विसरा. वरच्या पावडरमध्ये हिमस्खलनाचा धोका असतो, तिथे बीकन (बर्फाखाली गाडलेला माणूस कुठे आहे ते सांगणारं यंत्र), फावडं, प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि माहितगार सोबती नसेल तर रुंद स्की काही वाचवणार नाही.

पहिली एक-दोन वर्षं तर भाड्यानेच घ्या आणि पैसे बुटांवर घाला, बूट ढिला असेल तर पायाचं ऐकणारी स्की जगात नाही. भाड्याची घेताना नखाचा मागचा भाग कडेवरून हलकेच ओढा, नखाचा पांढरा भुगा निघाला तर कड जिवंत, नाही निघाला तर दुसरी मागा. बाइंडिंगचा, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीचा, आकडा अंदाजाने फिरवू देऊ नका, तो वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि सराव बघून लावायचा असतो, जास्त घट्ट झाला तर पडल्यावर बूट सुटत नाही आणि पाय मोडतो.

आणि घेतल्याच तर इकडे आणल्यावर त्या पत्र्याच्या माळ्यावर टाकू नका, जळगाव-भुसावळला ४५ अंश बाहेर असतं, पत्र्याखाली त्याहून वाईट, आणि आतले थर शेवटी गोंदानेच चिकटवलेले असतात. सीझन संपला की कडा कोरड्या पुसा, तळाला मेणाचा जाड थर द्या आणि तो न खरवडता तसाच ठेवा, कडांवरही ओढून घ्या म्हणजे पावसाळ्यात गंज चढत नाही, आणि खालच्या खोलीत भिंतीला आडव्या ठेवून द्या. डिसेंबरात निघायच्या आधी खरवडलं की झालं.