जुना नकाशा, दमट हवा आणि कोकणातलं वाचनालय

कोकणात जुने नकाशे कुठे कुठे पडलेले असतात सांगू, खोतांच्या माडीवर पत्र्याच्या नळकांड्यात, देवस्थानाच्या कपाटात, वकिलांच्या जुन्या फायलींत, आणि घर पाडायला काढलं की हे सगळं रद्दीत जातं. माझं म्हणणं असं की ते गावच्या वाचनालयात यावं. रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828 चं आहे, चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर 1864 चं, म्हणजे लोकांनी कागद विश्वासाने सोपवावेत अशा जागा आपल्याकडे आहेत. फक्त नकाशा हा पुस्तकासारखा उभा ठेवून चालत नाही आणि आपली हवा त्याला अजिबात मानवत नाही.

कागद हवेतलं पाणी ओढतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्याने तो चक्क मोठा होतो, आणि सगळीकडून सारखा नाही. मशीनवर बनलेल्या कागदात तंतू बरेचसे एका दिशेने पडलेले असतात, ओल लागली की तंतू लांबीत फारसे वाढत नाहीत पण जाडीत फुगतात, त्यामुळे कागद एका बाजूला जास्त ताणला जातो. आता आपला जुना गावनकाशा घ्या. मोजणी 33 फुटी साखळीने व्हायची (एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे 1089 चौरस फूट, तोच आपला गुंठा) आणि कागदावर 1 इंच म्हणजे 10 साखळ्या, 330 फूट. या हिशोबाने नकाशावरचा 1 मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे जवळपास 4 मीटर. मोठा नकाशा जुलैत 2 मिलिमीटर फुगला तर त्या दिशेने 8 मीटरचा फरक, आणि एवढ्यावरून आपल्याकडे दोन पिढ्या कोर्टात जातात! म्हणून अशा नकाशावर प्लास्टिकची पट्टी लावून माप काढायचं नाही, त्याच्यावरच जी स्केलची पट्टी काढलेली असते ती वापरायची, कारण ती कागदाबरोबरच फुगते (तिच्या दिशेपुरती तरी).

हवेतली आर्द्रता 65-70 टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते, आणि आपल्याकडे पावसाळाभर ती त्याच्या वरच असते. चोवीस तास एसी कुठल्या छोट्या वाचनालयाला परवडणार? रात्री बंद करून सकाळी चालू केला तर उलट जास्त नुकसान, कागद रोज फुगतो आणि आकसतो. त्यापेक्षा नकाशे सपाट खणांत, आम्लरहित कागदाच्या फोल्डरात, बाहेरच्या भिंतीपासून लांब ठेवा, एक साधा हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारं यंत्र) लावा आणि छोट्या बंद खोलीत डीह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढून घेणारं यंत्र) सलग चालू द्या.

रंगाकडेही बघा. जुन्या हाताने रंगवलेल्या नकाशांत हिरवा भाग तपकिरी पडून त्याच आकारात तुटलेला दिसतो, बाकी कागद ठीक. तो बहुतेक जंगालाचा हिरवा, म्हणजे तांब्याचा क्षार, आणि तांबं कागदातल्या सेल्युलोजचं विघटन वाढवतं. हिराकशीची शाईही तसंच करते, तिच्यातलं लोह आणि आम्ल मिळून अक्षराच्या रेषेवर कागद खातात. काजळीची शाई मात्र निव्वळ कार्बन, म्हणून मोडीतले कितीतरी कागद आजही शाबूत आहेत.

आणि कृपा करून लॅमिनेशन करू नका, सेलोटेप तर नकोच. टेपचा गोंद कागदात मुरून पिवळा पडतो, गरम लॅमिनेशन परत निघत नाही आणि आतलं आम्ल आतच कोंडतं. फाटलेलं जपानी टिश्यू आणि गव्हाच्या स्टार्चच्या खळीने जोडतात, ती ओल देऊन कधीही सोडवता येते, पण हे काम शिकलेल्या माणसाकडूनच करून घ्या.

पुराचं वेगळं सांगायला हवं. चिपळूणच्या त्या वाचन मंदिरात 2005 आणि 2021 च्या महापुराचं पाणी शिरलं होतं. भिजलेल्या कागदावर दोन दिवसांत बुरशी येते, आणि शेकडो नकाशे तेवढ्यात वाळवणं कुणालाच जमत नाही. अशा वेळी ते गोठवतात. उणे 20 अंशाला बुरशी थांबते, मग महिन्यांनी सवडीने एकेक काढून वाळवता येतं, किंवा निर्वातात बर्फाची थेट वाफ करून. आणि मासळी गोठवणारे कारखाने तर रत्नागिरीतच आहेत! वाचनालयांनी मे महिन्यातच त्यांच्याशी बोलून एखादा कोपरा आणि स्वच्छ प्लास्टिक क्रेट ठरवून ठेवावेत असं मला फार मनापासून वाटतं.

स्कॅनिंग 400 डीपीआयला (म्हणजे इंचाला 400 ठिपके) केलं तर गावनकाशावरचा एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचे साधारण 25 सेंटिमीटर, तेवढं पुरतं. पुढे क्यूजीआयएससारख्या नकाशांच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये तो आजच्या सॅटेलाइट फोटोवर बसवायचा, त्यासाठी जागेवरून न हललेले पॉइंट लागतात: देऊळ, विहीर, किल्ल्याचा बुरूज. खाडीचा काठ कधीच घेऊ नका. गाळ, खाजणातले बांध, भरती यांनी तो हललेला असतो, आणि नेमका किती हलला हेच तर आपल्याला त्या नकाशावरून काढायचं असतं.