बाणांचे त्रिकोण आणि काचेटा-हेगक्विस्ट अनुमान

आलेखात, म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या कडा यांच्या रचनेत, कडांची संख्या पुरेशी वाढली की त्रिकोण टाळता येत नाही, हे मँटेल यांनी १९०७ मध्येच दाखवले होते. बिंदूंच्या संख्येच्या वर्गाच्या एक चतुर्थांशापेक्षा एक जरी कड जास्त असली, तरी कुठे ना कुठे त्रिकोण तयार होतोच. कडांना दिशा दिली की मात्र हा निष्कर्ष पार कोसळतो. सर्व बिंदूंना क्रमांक देऊन प्रत्येक जोडीत लहान क्रमांकाकडून मोठ्याकडे बाण काढला, तर जितके बाण शक्य आहेत तितके सगळे काढूनही एकही दिशायुक्त चक्र, म्हणजे बाणांच्या दिशेने चालून सुरुवातीच्या बिंदूवर परत आणणारी वाट, सापडत नाही, कारण बाणांच्या दिशेने गेल्यास क्रमांक वाढतच जातो. म्हणून दिशायुक्त आलेखांत बाणांची एकूण मोजदाद उपयोगी पडत नाही. अट प्रत्येक बिंदूवर घालावी लागते.

प्रत्येक बिंदूपासून किमान एक बाण निघत असेल, तर चालत राहिल्यावर कधीतरी जुन्याच बिंदूवर परत यावे लागते आणि चक्र मिळते. पण ते किती लहान असेल? बेहझाद, चार्ट्रँड आणि वॉल यांनी १९७० मध्ये हा प्रश्न नियमित आलेखांपुरता, म्हणजे सर्व बिंदूंवर येणारे आणि जाणारे बाण सारखेच असलेल्या आलेखांपुरता विचारला. लुई काचेटा आणि रोलंड हेगक्विस्ट यांनी १९७८ मध्ये येणाऱ्या बाणांची अट काढून टाकली. बिंदूंच्या संख्येला प्रत्येक बिंदूतून निघणाऱ्या किमान बाणांच्या संख्येने भागून, अपूर्णांक आल्यास पुढचा पूर्णांक घ्यावा. त्याहून लांब नसलेले चक्र आलेखात असतेच, असे त्यांचे अनुमान आहे. दहा बिंदू वर्तुळावर मांडून प्रत्येकापासून पुढच्या तिघांकडे बाण काढले, तर एका पावलात जास्तीत जास्त तीन घरे पुढे जाता येते आणि फेरी चार पावलांखाली पूर्ण होत नाही. म्हणजे ही मर्यादा आणखी खाली आणता येणार नाही.

किमान दोन बाण असलेले प्रकरण त्यांनी स्वतःच सिद्ध केले. तीन बाणांची सिद्धता हमिदून यांनी आणि चार व पाच बाणांची होआंग व रीड यांनी १९८७ मध्ये दिली.

सर्वाधिक चिकाटीने झुंज दिली गेली ती त्रिकोणाच्या प्रकरणावर. प्रत्येक बिंदूपासून एकूण बिंदूंच्या एक तृतीयांश बाण निघत असतील, तर तीन किंवा त्याहून कमी लांबीचे चक्र मिळायला हवे. मूळ लेखात या एक तृतीयांशाच्या जागी ०.३८२० लागत होते. बाँडी यांनी १९९७ मध्ये ते ०.३७९७ वर आणले, शेन यांनी १९९८ मध्ये ०.३५४३ वर, आणि पुढे रझबोरोव्ह यांच्या फ्लॅग अल्जिब्रा पद्धतीने (मोठ्या आलेखात लहान रचना किती प्रमाणात येतात याचा हिशोब मांडणारी पद्धत) ह्लाद्की, क्राल व नोरिन यांनी ०.३४६५ पर्यंत मजल मारली.

पॉल सेमूर यांच्या अनुमानाने याच प्रश्नाला दुसरी वाट दिली. ज्यात दोन बिंदूंमध्ये उलटसुलट बाण नाहीत अशा प्रत्येक आलेखात एक तरी बिंदू असा असतो, की ज्याच्यापासून बरोबर दोन पावलांवर असलेले बिंदू एका पावलावरच्या बिंदूंहून कमी नसतात, असे ते सांगते. ते खरे मानले आणि येणारे व जाणारे बाण दोन्ही किमान एक तृतीयांश धरले, तर त्रिकोणाचे उत्तर लगेच हाती येते: त्रिकोण नसेल, तर त्या बिंदूकडे येणारे, त्याच्यापासून एका पावलावरचे आणि दोन पावलांवरचे बिंदू हे तीन गट परस्परांपासून वेगळे राहतात, प्रत्येकात किमान एक तृतीयांश बिंदू असतात, आणि तो बिंदू स्वतः धरला की बेरीज एकूण संख्येच्या पुढे जाते. प्रत्येक जोडीत नेमका एक बाण असलेल्या आलेखांसाठी, म्हणजे टूर्नामेंटसाठी, सेमूर यांचे म्हणणे फिशर यांनी १९९६ मध्ये सिद्ध केले, आणि हावे व तोमासे यांनी २००० मध्ये त्याची केवळ बिंदूंच्या योग्य क्रमवार मांडणीवर उभी असलेली, फार सुंदर सिद्धता दिली.