अर्धशिशीची रोजची गोळी आणि सवयीची भीती

‘अर्धशिशीवर रोजची गोळी सुरू केली की तिची सवय लागते’, हे घरोघरी ऐकू येतं. यात दोन वेगळ्या औषधांची गल्लत आहे. जपायचं ते पेनकिलरला. साधी पेनकिलर महिन्यात १५ दिवस किंवा ट्रिप्टान (अर्धशिशीचा झटका आल्यावर तो थांबवायची खास गोळी) १० दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं, तर गोळ्यांमुळेच डोकं दुखू लागतं. आणि ती मात्र आपण बिनधास्त घेतो! प्रोप्रॅनोलॉल, अमिट्रिप्टिलिन, टोपिरामेट ही रोजची औषधं झटके कमी करण्यासाठी असतात. त्यांचं व्यसन लागत नाही. गुण यायला सहा-आठ आठवडे जातात, म्हणून अनेकजण आधीच सोडतात. झटके निम्म्यावर आले तरी औषध लागू पडलं समजतात. दमा असल्यास प्रोप्रॅनोलॉल टाळतात, गरोदरपणात टोपिरामेट. बंद करतानाही डॉक्टरांना विचारून, हळूहळू.