न्हावा-शेवापर्यंत आलेली युक्रेनची लढाई

जून 2017 च्या अखेरीस न्हावा-शेवाच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम अचानक ठप्प झालं. कुठला कंटेनर कोणाचा, कुठे ठेवलाय, हे सांगणारी संगणक यंत्रणाच बंद पडली होती. टर्मिनल चालवणारी कंपनी डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज-वाहतूक समूहातली, आणि मर्स्कला संगणक विषाणूची ही लागण झाली होती युक्रेनमधून.

रशियाचं शेजाऱ्यांशी संगणकावरून चाललेलं हे भांडण त्याआधी दहा वर्षांचं. एप्रिल 2007 मध्ये एस्टोनियाने टॅलिनमधला सोव्हिएत सैनिकाचा पुतळा हलवला. रशियात संताप उसळला, आणि एस्टोनियातल्या बँका, वृत्तपत्रं, सरकारी खाती यांच्या वेबसाइट्स सायबर हल्ल्यांनी कोलमडल्या. ऑगस्ट 2008 मध्ये जॉर्जियात तेच झालं. तिथे जोडीला रणगाडेही होते.

मग पाळी आली विजेची. 23 डिसेंबर 2015, पश्चिम युक्रेनमधलं इव्हानो-फ्रँकिव्स्क. वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षात पडद्यावरचा बाण आपोआप सरकू लागला आणि एकेक सबस्टेशन बंद करत सुटला. कर्मचाऱ्यांचा माऊस दाद देईना. ग्राहकांच्या तक्रारीचे फोनही खोट्या कॉलनी अडवून ठेवले होते. घुसखोर ई-मेलला जोडलेल्या फाइलमधून कित्येक महिने आधीच आत येऊन बसले होते. अशाच हल्ल्यात तीन वीज कंपन्यांचे मिळून सुमारे 2,25,000 ग्राहक अंधारात गेले. वीज आली ती माणसांमुळे: कर्मचारी गाड्या काढून सबस्टेशनांवर गेले आणि ब्रेकर हाताने लावले. हाताने चालणारी जुनी व्यवस्था मोडीत निघाली नव्हती, म्हणून काही तासांत निभावलं. या सगळ्या इतिहासात मला हा तपशील सर्वांत मोलाचा वाटतो.

2017 चा घाव हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून आला. आपल्याकडे टॅली, तसं तिकडे 'एम.ई.डॉक'. युक्रेनच्या संविधान दिनाच्या आदल्या दिवशी, 27 जूनला, त्याच्या अपडेटच्या वाटेने 'नॉटपेट्या' हा संगणक विषाणू पसरला. पडद्यावर 300 डॉलरची खंडणी मागितली जाई, पण पैसे भरूनही फाइली उघडणार नव्हत्या. खंडणी हा नुसता बुरखा. हेतू नासधूस हाच. एकट्या मर्स्कचं नुकसान 20 ते 30 कोटी डॉलरचं. 2020 मध्ये अमेरिकेने रशियाच्या लष्करी गुप्तचर खात्याच्या सहा अधिकाऱ्यांवर आरोप ठेवले. रशियाने हात झटकले.

24 फेब्रुवारी 2022 ला रशियन फौजा युक्रेनमध्ये घुसण्याच्या तासभर आधी व्हायासॅट या अमेरिकी कंपनीच्या उपग्रह इंटरनेट सेवेचे हजारो मोडेम सायबर हल्ल्याने निकामी झाले. त्याच पहाटे या सेवेवर अवलंबून असलेल्या जर्मनीतल्या सुमारे 5,800 पवनचक्क्यांचा नियंत्रण केंद्राशी संपर्क तुटला.