पार्श्वभूमी : रुळावरचा माणूस आणि ‘ब्लॉक’

रविवारचा मेगाब्लॉक प्रवाशांना तोंडपाठ असतो. रुळावर काम करणाऱ्यांच्या जिवाचा प्रश्न मात्र याच शब्दात अडकलेला आहे, कारण रेल्वेत ‘ब्लॉक’ निदान तीन वेगळ्या गोष्टींना म्हणतात.

मूळचा ब्लॉक माणसासाठी नव्हताच. दोन स्टेशनांमधला टप्पा म्हणजे ब्लॉक सेक्शन. त्यात एका वेळी एकच गाडी सोडायची, म्हणजे गाडीवर गाडी आदळत नाही. त्या टप्प्यात वाकून पाना चालवणारा गँगमन या हिशेबात कुठेच नव्हता. (पुढे त्याचा ट्रॅकमन झाला, मग ट्रॅक मेंटेनर, काम तेच राहिलं.) त्याच्या वाट्याला झेंडे आणि फटाके आले. ब्रॉडगेजवर कामाच्या जागेपासून 600 मीटरवर लाल बॅनर आणि 1200 मीटरवर दहा-दहा मीटर अंतराने रुळाला बसवलेले तीन फटाके. चाकाखाली ते फुटले की गाडी थांबवायची, हे लोको पायलटला कळतं. पण ताशी 130 किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला 36 मीटर कापते. 600 मीटरला तिला 17 सेकंदही लागत नाहीत.

दुसरा ट्रॅफिक ब्लॉक. ठरलेल्या वेळात ठरलेल्या मार्गावर गाड्या बंद. यात ‘ठरलेल्या मार्गावर’ हेच महत्त्वाचं. अप बंद असला तरी डाउन चालूच असतो, आणि एका गाडीला वाट द्यायला माणूस सरकतो तो नेमका शेजारच्या रुळावर. एका गाडीच्या आवाजात दुसरीचा आवाज बुडून जातो.

तिसरा पॉवर ब्लॉक, म्हणजे रुळावरच्या तारांमधली वीज बंद, आणि सर्वांत जास्त गैरसमज इथे. मुंबईत रेल्वेला 1925 साली वीज आली ती 1500 व्होल्ट डीसी. 2016 पर्यंत उपनगरी मार्ग 25,000 व्होल्ट एसीवर गेले. एसीत पुरवठा तोडला तरी शेजारच्या चालू तारेमुळे बंद तारेत वीज उतरते. म्हणून ही वीज जमिनीत उतरवणारा डिस्चार्ज रॉड लावायचा क्रम ठरलेला आहे : क्लॅम्प आधी रुळाला, मगच आकडा तारेला. काढताना उलट. शिवाय तारेत वीज नाही म्हणजे रुळावर काही येणार नाही, असं नाही. 13 फेब्रुवारी 2023 ला लासलगावजवळ चार ट्रॅकमन गेले ते टॉवर वॅगनच्या धडकेत. टॉवर वॅगन हे तारांच्या दुरुस्तीचं, रेल्वेचंच वाहन. ते विजेवर चालत नाही.

खरा वाद आहे तो ब्लॉकशिवाय होणाऱ्या कामांचा. सिग्नल बिघडतो तेव्हा ब्लॉकची वेळ पाहून बिघडत नाही, आणि लोकल खोळंबल्या की दुरुस्तीची घाई होते. 22 जानेवारी 2024 ला वसई रोड-नायगाव दरम्यान सिग्नलच्या कामावरचे तीन कर्मचारी लोकलखाली आले. अशा बिघाडालाही दहा-पंधरा मिनिटांचा ब्लॉक हक्काने मिळायला हवा, गाड्या थांबल्या तरी.

2023 च्या अखेरीस नियमांत ‘रोलिंग ब्लॉक’ आला : कामांचं नियोजन 52 आठवडे आधीपर्यंत. गाडी येत असल्याचा इशारा देणारं ‘रक्षक’ हे व्हीएचएफ रेडिओ लहरींवरचं उपकरणही काही मार्गांवर गँगच्या हाती आलं. रोज पायी रूळ तपासणाऱ्या कीमनची फेरी मात्र यातल्या कुठल्याच ब्लॉकमध्ये बसत नाही. खांद्यावर हातोडा, हातात झेंडे घेऊन तो रोजची बीट, म्हणजे नेमून दिलेला टप्पा, चालत्या गाड्यांमधूनच पुरी करतो.